पेटी झोपते, पण दिवे लुकलुकतात : तुर्भ्यातल्या एका गेटवेचं प्रकरण

‘साहेब, पेटी परत झोपली.’

तुर्भ्याच्या एका शीतगृहातल्या वायरमनदादांचा हा फोन त्या पावसाळ्यात इतक्या वेळा आला की शेवटी शेवटी मी नमस्कारही न करता थेट ‘कधीपासून?’ एवढंच विचारायचो. पेटी म्हणजे आम्ही महाप्याच्या एमआयडीसीत बनवतो तो गेटवे. पॅनलमधल्या पट्टीवर बसणारा डबा, आत एका कोरचा आर्म प्रोसेसर, त्यावर लिनक्स, बाहेर आरएस-४८५चे, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांना तारेने जोडायचे, चार पोर्ट आणि एक फोर-जी मोडेम. खोल्यांचे तापमान नियंत्रक आणि कॉम्प्रेसरच्या पॅनलमधले वीजमीटर यांना तो दर काही सेकंदांनी मॉडबसवर, म्हणजे यंत्रांच्या ठरलेल्या प्रश्नोत्तरांच्या भाषेत, प्रश्न विचारतो, उत्तरं गोळा करतो, सर्व्हरला पाठवतो. गोठवलेल्या मालाची खोली उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली ठेवायची असते, आणि ती रात्रभर तशीच होती हे माल उचलणाऱ्याला कागदावर दाखवावं लागतं. पेटी झोपली की कागद कोरा. शीतगृहाचा रात्रपाळीचा सुपरवायझर जुन्या सवयीने दर तासाला वहीत तापमान लिहायचा, म्हणून आमची अब्रू वाचली. त्या वहीपुढे आमचा क्लाउड डॅशबोर्ड कसा दिसत असेल, याची कल्पना करा.

ड्रायव्हरमधला, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, एकच शब्द चुकला होता. तो सापडायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात आम्ही पाच दोष शोधून काढले. पाचही खरे होते, आणि त्यातला एकही हा नव्हता.

झोप म्हणजे नेमकं काय

पेटी बंद पडायची नाही. मोडेम चालू, सर्व्हरशी जोडणी चालू, लांबून लॉगिन होता येत होतं, प्रोसेसर जवळजवळ रिकामा. फक्त चारही पोर्टांवर एकाच क्षणी ‘उत्तर नाही’ सुरू व्हायचं आणि मग तेच चालायचं. दोन झोपांमधलं अंतर कधी दोन दिवस, कधी दीड आठवडा.

वायरमनदादांनी पहिल्या पंधरवड्यातच तीन गोष्टी सांगितल्या होत्या. मी त्या वहीत लिहून घेतल्या आणि विसरलो.

पहिली : ‘झोपल्यावरपण दिवे लुकलुकतात.’ म्हणजे आरएस-४८५चा पाठवण्याचा आणि घेण्याचा दिवा. पेटी विचारत होती, मीटर उत्तरही देत होता.

दुसरी : ‘रीबूट मारून उठत नाही कधी कधी. एमसीबीच पाडावा लागतो.’ पॅनलच्या दारावर त्यांनी कागदही चिकटवला होता, स्केच पेनने लिहिलेला : झोपली तर एमसीबी पाडा, दहा मोजा, उचला.

तिसरी : शेजारच्या इमारतीत आमचीच जुनी, दोन पोर्टांची पेटी बसवली होती. ती कधीच झोपली नव्हती.

ह्या तीन वाक्यांत अख्खं निदान होतं. आम्हाला ते वाचता आलं नाही, कारण बाहेर पाऊस होता.

पावसाळ्याला आरोपी करणं सोपं असतं

नवी मुंबईत जुलैमध्ये कुठलंही यंत्र बिघडलं की पहिला संशय पाण्यावर जातो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. आम्ही केबल ग्लँड उघडला, तर त्यात खरंच ओल होती. ग्लँड बदलला, पेटी सहा दिवस चालली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सातव्या दिवशी झोपली.

मग टर्मिनेशन. आरएस-४८५च्या तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर हवा; एका पोर्टवर तो मधल्याच मीटरला लावलेला सापडला. दुरुस्त केला, चार दिवस शांतता. मग वायरिंग : एकामागून एक जोडत न्यायची तार तिथल्या कंत्राटदाराने मध्येच चांदणीसारखी फोडली होती. ती सरळ केली. नऊ दिवस! मी आमच्या कंपनीच्या साहेबांना ‘सापडलं’ असा मेसेजही पाठवून मोकळा झालो. मग अर्थिंग, मग पेटीचा पॉवर सप्लाय, जो कॉम्प्रेसर सुरू होताना जरा लचकायचा.

बिघाड कधी दोन तर कधी अकरा दिवसांनी येत असेल, तर कुठलाही उपाय सरासरी पाच-सहा दिवस ‘लागू’ पडतोच. गावच्या वैद्याची पुडी आणि आमचा ग्लँड यांत काही फरक नव्हता. शिवाय प्रत्येक वेळी खरा दोष सापडत होता, त्यामुळे शंका घ्यायलाही जागा राहत नव्हती. उपाय करण्याआधी ‘हा बरोबर असेल तर किती दिवस न झोपता गेले पाहिजेत’ हा आकडा आम्ही कधी ठरवलाच नाही. निदान तीन आठवडे म्हणायला हवे होते.

ह्या सगळ्यात एक साधी गोष्ट नजरेतून सुटली. ओल, टर्मिनेशन किंवा चांदणी वायरिंग एका पोर्टला मारते. चार स्वतंत्र तारा, चार वेगळे ट्रान्सीव्हर, आणि चारही एका सेकंदात गप्प होतात? त्यांच्यात सामाईक काय आहे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तो महिनाभराने विचारला. उत्तर होतं : एसपीआयची बस, म्हणजे प्रोसेसर आणि पोर्ट सांभाळणाऱ्या सिरियल चिपा यांच्यातली माहितीची वाट, आणि इंटरप्टची एक तार, जिच्यावरून चिप प्रोसेसरला ‘इकडे बघ’ अशी हाक मारते.

‘झोपू द्या, मला फोन करा’

अडचण अशी होती की पेटी झोपली की तिथली माणसं शहाण्यासारखी लगेच एमसीबी पाडत. पुरावा तिथेच पुसला जायचा. मी वायरमनदादांना म्हटलं, ‘दादा, पुढच्या वेळी हात लावू नका. झोपू द्या. रात्र असो, दिवस असो, मला फोन करा.’ ते म्हणाले, ‘साहेब, मॅनेजर ओरडेल.’ मॅनेजरला फोन करून एक तास मागून घेतला. वही होतीच.

फोन आला तेव्हा रात्रीचे पावणेतीन वाजले होते. ठाण्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात, ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी पेटीत लॉगिन झालो. पहिली आज्ञा प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स ही फाइल वाचायची. तिच्यात प्रत्येक इंटरप्टसमोर तो आतापर्यंत किती वेळा आला याचा आकडा असतो. सिरियल चिपच्या ओळीतला आकडा पाहिला, दहा सेकंदांनी पुन्हा पाहिला. गोठलेला. एसपीआयचा आकडा मात्र प्रत्येक प्रश्नागणिक पुढे सरकत होता, म्हणजे पाठवण्याचं काम चालू होतं.

दुसरी आज्ञा डीबग फोल्डरमधली जीपीआयओ फाइल. प्रत्येक पिनची दिशा, तिची आत्ताची पातळी आणि ती इंटरप्टसाठी वापरात आहे का, हे तिथे दिसतं. आमची पिन : आत येणारी, इंटरप्टसाठी घेतलेली, पातळी खाली.

तार खाली आहे म्हणजे चिप ‘माझ्याकडे काम आहे’ असं ओरडते आहे. आणि कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, आकडा गोठलेला आहे, म्हणजे ते त्याला ऐकू येत नाहीये. मग मी इंटरप्ट्सच्या त्याच ओळीत थोडं उजवीकडे पाहिलं. तिथे एक छोटा शब्द होता, जो मी त्या महिन्यात पन्नास वेळा डोळ्यांखालून घातला असेल : एज.

तिथे लेव्हल असायला हवं होतं.

शिट्टी आणि नळ

ज्यांचा ह्या दोन शब्दांशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी. कुकरची शिट्टी ही एज. ती होते त्या क्षणी ऐकली तर ऐकली. तुम्ही गॅलरीत कपडे वाळत घालत असाल तर शिट्टी गेली, कुकर पुन्हा सांगायला येणार नाही. उघडा राहिलेला नळ ही लेव्हल. तुम्ही कधीही घरात या, पाणी वाहतंच आहे, आणि नळ बंद करेपर्यंत आवाज थांबत नाही.

इंटरप्टच्या तारेचंही तसंच. एज म्हटलं की कंट्रोलर फक्त तार वरून खाली पडण्याचा क्षण टिपतो. लेव्हल म्हटलं की तार खाली आहे तोवर तो प्रोसेसरला टोचत राहतो. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत, हे चार आकड्यांनी लिहितात : १ म्हणजे चढती कड, २ उतरती कड, ४ वरची पातळी, ८ खालची पातळी.

आमच्या सिरियल चिपची इंटरप्ट पिन ओपन-ड्रेन आहे. ती तार फक्त खाली ओढू शकते. सोडली की पुल-अप रेझिस्टर तिला वर नेतो. अशा दोन चिपांच्या पिना एकाच तारेला बांधता येतात : कुणीही ओढली तरी तार खाली. चार पोर्टांच्या पेटीत नेमकं हेच केलं होतं. दोन चिपा, प्रत्येकीत दोन पोर्ट, एसपीआयची बस एक, इंटरप्टची तार एक. हार्डवेअरच्या दृष्टीने ह्यात काहीही गैर नाही. मात्र अशी सामायिक तार लेव्हलनेच ऐकावी लागते.

का, ते घड्याळ लावून पाहू. चिप अ तार खाली ओढते. कड पडली, कर्नलने दोन्ही चिपांच्या हँडलरना, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या तुकड्यांना, हाक मारली. अचं काम सुरू असतानाच चिप बकडेही बाइट आले, तिनेही तार धरली. अचं काम संपलं, अने हात सोडला. पण बने धरलेली आहे, तार खालीच. आता ड्रायव्हर बचं काम करतो आहे, आणि तेवढ्यात अकडे नवा बाइट येतो. अ पुन्हा धरते. बने सोडलं, तार खालीच. ड्रायव्हरच्या मते दोघींचं काम झालेलं आहे, तो निघून गेला. तार एकदाही वर गेली नाही, त्यामुळे ती पुन्हा खाली पडण्याचा प्रश्नच नाही. पुढची कड कधीच येणार नाही. अचा ६४ बाइटांचा बफर, म्हणजे आलेले बाइट साठवायची जागा, भरतो, वाहून जातो, आणि ती तार धरून बसते ती एमसीबी पडेपर्यंत. ब आपोआप मुकी होते, कारण तिची तारही तीच.

९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट या वेगाने, पॅरिटी (तपासणीचा बिट) धरून एका अक्षराला ११ बिट, म्हणजे सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतो. चिपमधून बाइट काढायला लागणारा वेळ त्याच्या मानाने किरकोळ. म्हणून ती खिडकी अरुंद, आणि म्हणूनच झोप दोन ते अकरा दिवसांनी.

आता दादांची तीन वाक्यं परत वाचा. दिवे लुकलुकत होते, कारण मॉडबसचा वाचनाचा प्रश्न आठ बाइटांचा असतो. तो ड्रायव्हर थेट चिपच्या बफरमध्ये लिहून मोकळा होतो, त्याला इंटरप्टची गरज लागत नाही. प्रश्न जात होता, उत्तर येत होतं, चिपच्या पोटात पडून राहत होतं. रीबूटने उठायची नाही, कारण चिपचा रीसेट फक्त वीज आल्यावर व्हायचा आणि आमचा ड्रायव्हर सुरू होताना तिला रीसेट देत नव्हता. प्रोसेसर नव्याने उठायचा, पण तार आधीच खाली असायची. आधीच पडलेल्या तारेची कड कोण बघणार? आणि दोन पोर्टांच्या पेटीत एकच चिप. तिचा ड्रायव्हर ‘दोन्ही पोर्ट रिकामे दिसेपर्यंत फिरत राहा’ असा लिहिला होता. एकट्या चिपला तेवढं पुरतं : फेरी पूर्ण रिकामी गेली याचाच अर्थ तार कधीतरी वर गेली. दुसरी चिप त्याच तारेवर आली आणि तो हिशोब मोडला, कारण प्रत्येक हँडलर फक्त आपल्या चिपपुरता फिरत होता.

डिव्हाइस ट्रीत तर ८ होतं

इथे एक कबुली. तिसऱ्या आठवड्यातच आमच्यातल्या एकाने ‘इंटरप्टचा प्रकार तपासला का?’ असं विचारलं होतं. आम्ही डिव्हाइस ट्री उघडली, तिथे आमच्या हार्डवेअरवाल्या काकांनी डेटाशीट बघून व्यवस्थित ८ लिहिलेलं होतं. खालची पातळी. बरोबर. यादीवर टिक मारली आणि पुढे गेलो.

पण लिनक्समध्ये इंटरप्ट मागताना ड्रायव्हर स्वतःही प्रकार सांगू शकतो. त्याने काही सांगितलं नाही तरच कर्नल डिव्हाइस ट्रीतला प्रकार उचलतो. सांगितलं तर ड्रायव्हरचं चालतं. आमच्या ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट मागण्याच्या ओळीत ‘ट्रिगर फॉलिंग’ असा झेंडा कायमचा ठोकलेला होता. घराच्या पाटीवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरंच. आम्ही पाटी वाचून परत आलो. खरं नाव चालत्या पेटीत होतं : इंटरप्ट्स फाइलच्या त्या शब्दात, किंवा सिस फोल्डरमध्ये त्या इंटरप्टच्या क्रमांकाखाली असलेल्या टाइप नावाच्या फाइलीत. कागद तपासायचे की चालती पेटी, यात मी त्या दिवसापासून एका बाजूला झुकलो आहे.

वादळ

तो झेंडा आला कुठून? कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास काढला. सव्वा वर्षापूर्वीचा बदल, दोन पोर्टांची पेटी अजून टेबलावर असतानाचा. आधी लेव्हल होती, ती बदलून फॉलिंग केलेली. बदल एका ट्रेनी मुलीचा, मंजुरी माझी. ती आता पुण्यात असते. फोन केला.

‘अगं, तो फॉलिंगचा बदल का केला होतास, आठवतं का?’

‘सर, बोर्ड हँग व्हायचा ना. पोर्टवर पहिला बाइट आला की कन्सोलसुद्धा मरायचा. मी म्हटलं होतं कारण बघते, तर तुम्ही म्हणालात उद्या डेमो आहे.’

मला आठवलं. दुसऱ्या दिवशी खरंच डेमो होता.

ते हँग होणं म्हणजे इंटरप्टचं वादळ. त्याचं कारण समजलं की सगळं प्रकरण एका धाग्यात येतं, म्हणून जरा थांबतो. चिप एसपीआयवर आहे. एसपीआयवरून काही वाचायचं तर वाट पाहावी लागते, आणि इंटरप्टच्या मुख्य हँडलरमध्ये झोपून वाट पाहणं निषिद्ध. म्हणून आमचा हँडलर एवढंच करायचा : काम रांगेत टाकायचं, ‘हाताळलं’ असं कर्नलला सांगायचं, परत फिरायचं. खरं वाचन नंतर एका कर्नल थ्रेडमध्ये, म्हणजे आपली पाळी आल्यावर चालणाऱ्या वेगळ्या कामात. पण तार? ती चिपमधून बाइट काढेपर्यंत खालीच. लेव्हल असल्याने हँडलर परतला, कर्नलने इंटरप्टचं दार उघडलं, की दाराशी तोच इंटरप्ट पुन्हा उभा. पुन्हा हँडलर, पुन्हा ‘रांगेत टाकलं’, पुन्हा तेच. कोर एकच. ज्या थ्रेडने नळ बंद करायचा त्याची पाळीच येत नाही.

अशा वेळी कर्नलचा राखणदार कुठे होता, असा प्रश्न काहींना पडेल. कर्नल एका तारेवरचे १,००,००० इंटरप्ट मोजतो. त्यांतले ९९,९००हून जास्त कुणीच हाताळले नाहीत असं दिसलं तर ‘कुणाला पर्वाच नाही’ अशा अर्थाचा संदेश छापून ती तार बंद करतो. पण आमचा हँडलर दर वेळी ‘हाताळलं’ असं खोटं सांगत होता. राखणदाराने नोंदवहीत सही पाहिली आणि सोडून दिलं.

मग फॉलिंग केलं आणि वादळ शमलं, कारण एका कडेला एकच हाक. नळाचा आवाज त्रास देतो म्हणून नळाला शिट्टी म्हणून घोषित करण्यातला प्रकार. इंटरप्टचा प्रकार हे तारेचं वर्णन आहे, आणि आम्ही ते आवाज कमी-जास्त करायच्या बटणासारखं फिरवलं. एकट्या चिपच्या पेटीत ते खपलं.

ह्या भांडणाला तसा जुना इतिहास आहे. १९८१च्या आयबीएम पीसीत ८२५९ए हा इंटरप्ट कंट्रोलर कडेवर चालायचा, आणि तिथल्या विस्तार-कार्डांना एक इंटरप्ट तार वाटून घेणं कधी धड जमलं नाही. जम्पर घेऊन मोकळी तार शोधत बसलेली पिढी आमच्या काकांची. नंतर पीसीआय आली ती खालच्या पातळीवर आणि ओपन-ड्रेन तारेवर, वाटून घेण्यासाठीच. म्हणजे आमच्या पेटीतला धडा उद्योगाने तीसेक वर्षांपूर्वीच गिरवला होता. काकांनी तो सर्किटमध्ये बरोबर उतरवला. सॉफ्टवेअरवाल्यांनी खोडला.

उपाय, आणि न केलेला उपाय

विक्री विभागाचं म्हणणं सरळ होतं : दर सेकंदाला टायमर लावा, चिपला विचारा काही आहे का, असेल तर काढा. पेटी झोपली तरी सेकंदात उठेल. हे चाललं असतं, मी नाकारत नाही. पण ११५२०० बॉडवर ६४ बाइटांचा बफर सहा मिलिसेकंदांत भरतो. सेकंदभर झोप म्हणजे तेवढे बाइट गेले. आणि खरी भीती वेगळी होती. टायमर लावला की लक्षण दिसेनासं होतं, आणि पुढे कुणी तिसरी चिप जोडली की तिथे काय होईल हे सांगायला कुणी उरत नाही. साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि चार दिवस दिले.

बदल छोटा होता. ड्रायव्हरमधून ट्रिगरचा झेंडा काढून टाकला. प्रकार सांगायचं काम डिव्हाइस ट्रीचं, तिथलं ८ बरोबरच होतं. काम रांगेत टाकणारा हँडलर काढला आणि थ्रेडेड इंटरप्ट मागितला. ही सोय लिनक्समध्ये २००९पासून, २.६.३० आवृत्तीपासून आहे. जोडीला वनशॉटचा झेंडा. वनशॉट म्हणजे थ्रेड आपलं काम संपवेपर्यंत ती तार मास्क करून, म्हणजे तात्पुरती न ऐकता, ठेव. आधीच्या वादळाला नेमकं हेच औषध हवं होतं : नळाचा आवाज ऐकला, आता तो बंद करून येईपर्यंत मला पुन्हा हाक मारू नका, आल्यावर तार अजून खाली असेल तर जरूर मारा. तार सामायिक असेल तर दोन्ही चिपांचे थ्रेड संपल्यावरच दार उघडतं.

घाईत मी पहिल्यांदा वनशॉट लिहायलाच विसरलो, तर कर्नलने इंटरप्ट द्यायलाच नकार दिला. मुख्य हँडलर रिकामा आणि वनशॉट नाही, हे त्याला चालत नाही, आणि तो तसं लॉगमध्ये स्पष्ट लिहितो. तसंच एकाच तारेवर दोन ड्रायव्हर वेगवेगळा प्रकार मागत आले तर दुसऱ्याला परत पाठवतो. सव्वा वर्षापूर्वी ह्याच वाटेने गेलो असतो तर कर्नलनेच कान धरला असता.

शिवाय ड्रायव्हर सुरू होताना चिपला सॉफ्टवेअर रीसेट. हा बदल एका ओळीचा, पण ‘रीबूटने उठत नाही’ हे दादांचं वाक्य त्यानेच मिटलं.

आधी मात्र बिघाड टेबलावर आणला. दुरुस्ती झाली हे कळायला आधी मोडता यायला हवं, हे महिनाभर ग्लँड बदलून शिकलो होतो. चारही पोर्ट ११५२०० बॉडवर, समोर चार लॅपटॉप मीटरचं सोंग घेऊन अखंड उत्तरं देत. जुना ड्रायव्हर टाकला आणि चहाला गेलो. महाप्याच्या टपरीवरून परत येईपर्यंत पेटी झोपलेली होती. पाच वेळा केलं, पाचही वेळा तासाच्या आत. मग नवा ड्रायव्हर. संध्याकाळ, रात्र, शनिवार, रविवार. सोमवारी घणसोलीला लोकलमधून उतरताना मोबाइलवर पाहिलं : आकडा पळतोय.

आकडा जरा जास्तच पळत होता

पेटी झोपत नव्हती, पण इंटरप्टची संख्या अपेक्षेपेक्षा बरीच जास्त होती. प्रॉकमध्ये त्या इंटरप्टच्या फोल्डरात स्पुरियस नावाची फाइल असते. तिच्यातला ‘न हाताळलेले’ हा आकडाही वाढत होता. म्हणजे कर्नल हाक मारतोय, दोन्ही चिपा म्हणतायत आमच्याकडे काही नाही. ९९,९००च्या आसपासही नव्हता, त्यामुळे तार बंद व्हायची भीती नव्हती. पण मला आता कुठलीच गोष्ट ‘चालतंय ना’ म्हणून सोडवेना.

काकांनी ऑसिलोस्कोप लावला. तार खाली येताना भिंतीसारखी उभी, पण वर जाताना पारसिकच्या डोंगरासारखी निवांत चढण. नव्या बोर्डवर बाहेरचा पुल-अप रेझिस्टर बसवायची जागा होती, पण खर्च वाचवताना ती रिकामी सोडली होती; तार प्रोसेसरच्या आतल्या कमकुवत पुल-अपवर लोंबकळत होती. चिपने हात सोडल्यावर तार वर पोचायच्या आत थ्रेड संपून मास्क निघायचा, आणि कर्नलला तार अजून खाली दिसायची. आणखी एक फुकटची हाक. प्रोबची स्वतःची कपॅसिटन्सही त्यात थोडी भर घालते, तेव्हा स्कोपवरची चढण खऱ्यापेक्षा जरा जास्तच निवांत दिसते, हे काकांनी मला दोनदा बजावलं. ४.७ किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर केला. चढण ताठ झाली, फुकटच्या हाका थांबल्या.

झोपेचं कारण ते नव्हतं. पण कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरशेजारी अशी लोंबकळती तार ठेवणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याची तयारी.

नवा ड्रायव्हर आधी तुर्भ्याच्या दोन पेट्यांवर लांबूनच चढवला. ह्या वेळी तीन आठवडे हा आकडा आधीच फळ्यावर लिहिला होता. ते सरल्यावर बाकीच्या पेट्यांवर. रेझिस्टर मात्र लांबून पाठवता येत नाही; तो घेऊन गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी आणि काका स्वतः तुर्भ्याला गेलो. पॅनल उघडं, सोल्डरचा वास, बाहेर आइसक्रीमच्या खोक्यांची ट्रॉली. काम झाल्यावर मी दारावरच्या त्या स्केच पेनच्या कागदाकडे बोट दाखवलं.

‘दादा, हा आता काढला तरी चालेल.’

त्यांनी कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने नीट दाबून चिकटवला. ‘राहू द्या साहेब. दिवाळीपर्यंत बघू.’